अल्जिअर्स 1541: वादळाआधी माणसं उभी होती

[दृश्य: बंदराचा दगडी धक्का]
उत्तर आफ्रिकेतल्या अल्जिअर्स शहराचा हा धक्का नीट पाहा. समोरच्या बेटावर स्पेनचा किल्ला होता. त्याच्या तोफा जवळजवळ वीस वर्षं शहरावर रोखलेल्या होत्या. 1529 मध्ये तुर्की सुलतानाच्या वतीने इथे राज्य करणाऱ्या खैरुद्दीन बार्बारोसाने तो जिंकला, पाडला आणि त्याच्याच दगडांनी बेटं किनाऱ्याला जोडून घेतली.

[दृश्य: उपसागर, ढगाळ आकाश]
ऑक्टोबर 1541. स्पेनचा राजा, सम्राट पाचवा चार्ल्स जातीने चालून आला. सुमारे पाचशे जहाजं, वीस हजारांवर सैनिक, सोबत मेक्सिको जिंकणारा एर्नान कोर्तेस. हंगाम उलटलाय, असं आरमारप्रमुख आंद्रेआ दोरियाने बजावलं होतं. चार्ल्सने ऐकलं नाही.

खैरुद्दीन तेव्हा इथे नव्हता. त्याच्या वतीने शहर सांभाळत होता हसन आगा. त्याच्या हाताशी तुर्की शिपाई हजाराच्याही आत. बाकी शहरातली माणसं आणि स्पेनमधून परागंदा झालेले अंदलुसी मुसलमान. पुन्हा कुठे पळणार होते ते? शरण येण्याचा निरोप हसनने धुडकावला.

[दृश्य: पावसात भिजणारा चढ]
23 तारखेला फौज उतरली. 24 च्या रात्री पाऊस कोसळला. तंबू अजून जहाजांवरच होते. तोड्याच्या बंदुकीला जळती वात लागते. वाती विझल्या, दारू भिजली. पहाटे हसनची माणसं धनुष्यं घेऊन तटाबाहेर पडली आणि पुढच्या इटालियन तुकड्या उधळल्या. चार्ल्सकडून लढणाऱ्या माल्टाच्या ख्रिस्ती सरदारांनी हसनच्या माणसांना बाब अझ्झून या शहराच्या दरवाजापर्यंत मागे रेटलं, पण दरवाजा वेळेत बंद झाला. एका सरदाराने दारात खंजीर रोवला, असं सांगतात. दार आज नाही, रस्त्याला नाव आहे.

[दृश्य: सिदी अब्दुर्रहमान यांच्या दर्ग्याचा परिसर]
इथे वली दादा या संताची कबर आहे. त्यांनी काठीने समुद्राला झोडपलं म्हणून तो खवळला, अशी शहराची श्रद्धा. युरोपात मात्र नुसतं वादळाचं नाव घेतात. वादळ तर दोन्हीकडच्यांच्या अंगावर आलं होतं! दरवाजा राखला तो माणसांनी.

[दृश्य: खडकांवर फुटणाऱ्या लाटा]
नांगरांचे दोर तुटले. दीडशेच्या आसपास जहाजं गेली, त्यांच्याबरोबर रसद आणि तोफा. उपाशी फौजेने घोडे कापून खाल्ले, फुटक्या जहाजांच्या लाकडांचा पूल करून हर्राश नदी ओलांडली. हजारो मेले किंवा कैद झाले. चार्ल्सने पुन्हा अल्जिअर्सवर आरमार आणलं नाही. शहर पडलं ते थेट 1830 मध्ये, फ्रेंचांच्या हाती.