उंबर फोडल्यावर

खोडालाच लगडलेले हे घोस उंबराचे. उंबराला फूल येत नाही, असं आपण ऐकत आलो. फुलं येतात, असंख्य येतात, पण या बंद गोळ्याच्या आत.

आता हिरव्या उंबराच्या तोंडाशी पाहा. उंबर फोडल्यावर भुर्रकन उडतात ती केंबरं. त्यांतलीच ही दोनेक मिलिमीटरची मादी. खवल्यांच्या फटीतून ती आत रेटून घुसते आहे. पंख तिथंच तुटले. आता ती बाहेर येणार नाही. छातीवरच्या इवल्या कप्प्यांत तिनं दुसऱ्या उंबराचे पराग भरून आणले आहेत. काही फुलांत ती अंडी घालते, आणि पायांनी पराग काढून फुलांवर टाकते. अंडं पडलं ते फूल अळी खाते. परागित झालेल्या बाकीच्या फुलांत बी धरतं.

काही आठवड्यांनंतरचं हे दृश्य. आधी बाहेर पडतात ते बिनपंखी नर. माद्या अजून फुलांत कोंडलेल्या असतानाच त्यांच्याशी जुगतात आणि मग सगळे मिळून उंबराची भिंत पोखरतात. या बोगद्यातून उडून जातील त्या माद्या, नर मरतील. पण त्या माद्यांच्या पोटात नरांचीच पुढची पिढी आहे, म्हणून हे श्रम उत्क्रांतीच्या हिशेबात वाया जात नाहीत.

बाहेर बसलेली ही लांब सुईची माशी मात्र फुकटी. पराग आणत नाही, बाहेरूनच भोसकून आत अंडी घालते. केसाहून बारीक अशा या सुईच्या टोकाला जस्त असतं, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं.

मग पराग वाहण्याचे कष्ट केंबरांनी तरी का घ्यावेत? पनामात उंबराच्या भाऊबंद झाडांवर प्रयोग झाले, ते २०१० साली प्रसिद्ध झाले. पराग न आणलेली मादी शिरली, तर काही जातींची झाडं ते फळ बऱ्याचदा गाळून टाकतात. तिची पिल्लंही त्यातच मरतात. इथं उदार कुणीच नाही. लबाडी महाग पडते, म्हणून हा व्यवहार सात-साडेसात कोटी वर्षं टिकला.

बाहेर पडलेल्या मादीच्या हाती एक-दोन दिवस असतात. तेवढ्यात तिला कोवळी उंबरं धरलेलं दुसरं झाड गाठायचं असतं. दत्ताचं झाड म्हणून गावात ज्याला कुणी कुऱ्हाड लावत नाही, तेच रस्ता रुंद करताना तोडलं जातं, आणि तिला गाठायचं झाड आणखी लांब जातं.