८५ वॅटचा ट्विन आणि १३५ वॅटचा ट्विन

समोर दोन ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेट्या, ठेवल्या आहेत. दोन्ही फेंडर कंपनीच्या, दोन्हींचं नाव ट्विन रिव्हर्ब. काळ्या पट्टीची साठच्या दशकातली, ८५ वॅटची. चंदेरी पट्टीची सत्तरच्या दशकाच्या अखेरची, १३५ वॅटची. दोन्हींत १२ इंची दोन स्पीकर आणि मागे चार ६एल६ व्हॉल्व्ह. आजोबांच्या रेडिओत असायचे त्याच जातीचे, फक्त अंगापिंडाने दांडगे.

पहिला प्रश्न नेहमी एकच येतो: जास्त मोठ्याने कोण वाजतो? हिशेब करू. ८५ वरून १३५ वर गेलो की जेमतेम २ डेसिबल वाढतात. शेजारच्याला कळणारही नाहीत. आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. त्यापेक्षा ३ डेसिबल जास्त देणारा स्पीकर बसवा, वॅट दुप्पट केल्याचं काम होतं.

खरा फरक आहे तो आवाज कधी फाटतो आणि कसा फाटतो, यात. ६एल६ मध्ये स्क्रीन नावाची एक जाळी असते. काळ्या पेटीत ती ठरावीक व्होल्टेजला बांधलेली आहे. चंदेरीत ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून मध्येच काढलेल्या तारेला जोडली आहे. प्लेटवरचं, म्हणजे व्हॉल्व्हमधून आवाज बाहेर पडतो त्या टोकाचं, व्होल्टेज हललं की स्क्रीनचंही थोडं हलतं, आणि व्हॉल्व्ह स्वतःला आवरत राहतो. या जोडणीला अल्ट्रालिनिअर म्हणतात. त्यातून प्लेटवर ५०० व्होल्टच्या घरात. त्यामुळे आवाज खूप वरपर्यंत स्वच्छ राहतो आणि खर्ज घट्ट येतो. फाटला तर मात्र करकरीत फाटतो.

गिटारवाल्याला हे आवडत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. त्याला हवी असते ती सीमारेषा: हळू छेडलं की स्वच्छ, जोरात मारलं की किंचित खरखर. काळा ट्विन ती देतो, तीही गोड. गिटारसाठी मी डोळे मिटून तोच घेईन.

पेडल स्टीलचं, म्हणजे आडवी ठेवून वाजवायच्या गिटारचं, गणित वेगळं आहे. डाव्या हातात पोलादी दांडी, पायाखाली पेडल, गुडघ्याशी दांडे. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या ई नाइन नावाच्या, तारा स्वरांत लावायच्या जुळणीत ई, जी शार्प आणि बी या तीन तारा धरा, दांडी जागची हलवू नका आणि पहिली दोन पेडल दाबा. बी चढून सी शार्प होतो, जी शार्प चढून ए होतो, ई मात्र जागेवरच. ई मेजर हा स्वरमेळ मींड घेत घेत ए मेजर झाला! ॲम्प फाटत असेल तर या तीन स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून भलतेच स्वर उपजतात. मींड चालू असताना तेही सरकत राहतात आणि सगळा चिखल होतो. हे एकदा कानाने ऐकलं की विसरता येत नाही.

दुसरं, उजव्या पायाखालचं व्हॉल्यूम पेडल. वादक ते अर्ध्यावर ठेवून तार छेडतो आणि स्वर विझू लागला की हळूहळू पुढे दाबतो. म्हणून स्वर लांबतो, गळ्यातून आल्यासारखा. पण त्यासाठी ॲम्पचं आवाजाचं बटण आधीच वर ठेवावं लागतं. पेडल पूर्ण दाबलेलं असताना पुढची तार छेडली गेली, की तो पूर्ण घाव ॲम्पवर बसतो. तो घाव झेलायला ते जादाचे वॅट कामी येतात. म्हणून स्टीलसाठी चंदेरी, मनात कसलीही शंका न ठेवता.

दोन गोष्टी सांभाळा. चंदेरी पेटीत स्क्रीनवर ताण जास्त असतो, त्यामुळे व्हॉल्व्ह घेताना दर्जात काटकसर नको. आणि प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकं व्होल्टेज उरलेलं असू शकतं, तेव्हा झाकण जाणकारालाच उघडू द्या. शिवाय अमेरिकेतून आणलेली पेटी १२० व्होल्टची असते. आपल्या २३० च्या सॉकेटला थेट लावू नका, मध्ये स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

आता तीच मींड आधी काळ्यावर वाजवतो, मग चंदेरीवर. दोन्ही वेळा बटण सातवर ठेवलं आहे.