संकेश्वरी मिरची, रंगाशिवाय

हा फोटो बेळगावच्या बाजारातला. पुढं वाळलेल्या संकेश्वरी मिरचीचा ढीग, शेजारी कोथिंबिरीच्या जुड्या, रंगात बघितलं तर डोळे दिपतात. आता रंग काढतो… गेलं की सगळं! मिरची कुठली, कोथिंबीर कुठली, दोन्हीचा एकच राखाडी. कारण लाल आणि हिरवा कितीही वेगळे दिसले तरी इथं दोघांवरून येणारा उजेड जवळपास सारखाच आहे, आणि ब्लॅक अँड व्हाईटमध्ये उरतो तो फक्त उजेड. मिरचीवाल्या मावशींना दाखवला तर म्हणाल्या, "माझी मिरची काळी करून टाकलास की रे, हे गिऱ्हाईक बघूलालं तर घेतंय होय?"

खरंय त्यांचं. म्हणून नवीन शिकताना कॅमेरा आधीच मोनोक्रोमवर टाका आणि फाईल रॉमध्ये (म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाईल) घ्या. स्क्रीनवर काळंपांढरं दिसतं त्यामुळे नजर तयार होते, पण रॉमध्ये रंगाची माहिती शाबूत असते, मग एडिटिंगला लालचा स्लायडर वर नेला, हिरवा खाली आणला की मिरची उजळते, कोथिंबीर गडद होते, झाले दोन ढीग वेगळे. फिल्मवाले हेच काम लेन्सवर रंगीत फिल्टर लावून करायचे. लाल लावला की निळं आभाळ काळंभोर आणि ढग पांढरेशुभ्र, त्यासाठी बेळगावजवळच्या राजहंसगडावर जावा, पण पाऊस सरल्यावर, जुलैत आभाळच निळं नसतंय तर फिल्टर काय करणार.

आता बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर. रट्ट राजांच्या काळातली, इ. स. १२०४ ची. (आत फोटो चालतो का ते आधी विचारून घ्या.) हा खांब बघा, काळा दगड, घासून गुळगुळीत केलेला, दाराकडून तिरका उजेड येतोय आणि प्रत्येक कड्यावर एक बारीक पांढरी रेघ उमटलीय, पलीकडची बाजू पूर्ण अंधारात. रंग इथं मुळातच कमी, सगळा खेळ त्या रेघेचा. पण कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर घोळ घालतो, त्याला समोरचं सगळं मध्यम राखाडीच करायचं असतं, मग काळा दगड उजळतो आणि खांब सिमेंटचा वाटायला लागतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) उणे १ करा, हवं तर अजून थोडं. आणि दार फ्रेममध्ये आलं तर उलटंच होतं, बाहेरच्या उजेडाच्या नादात आतलं सगळं काळंकुट्ट, तेव्हा दार फ्रेमबाहेरच ठेवलेलं बरं.

फिल्मची हौस असेल तर ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा) रोल घ्या, सकाळच्या बाजारापासून ढगाळ संध्याकाळपर्यंत चालतो. घरी धुणार असाल तर डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) साधारण २० अंश सेल्सिअसवर लागतो, मे महिन्यात नळाचं पाणी कुठलं तेवढं गार, बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवायची, नाहीतर तापमान-वेळेचा चार्ट बघून धुण्याची वेळ कमी करायची. आणि हायपोसाठी (चित्र पक्कं करणारं रसायन) भांडं वेगळं ठेवा, स्वयंपाकघरातलं उचललं तर घरात फोटोग्राफी तिथंच बंद पडते.