सोफ्यावर सबवूफर, जमिनीवर मी

(गिरगावातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

माझा आवाज मागे पोचतोय ना? पंखे बंद केले तर आणखी नीट पोचेल, पण ऑक्टोबर आहे, तेव्हा राहू द्या.

होम थिएटर बसवायच्या धंद्यात एक तक्रार मी इतक्यांदा ऐकलीय, की पलीकडून नुसतं ‘हॅलो’ आलं तरी पुढचं मला पाठ असतं. ‘बोललेलं कळत नाही म्हणून आवाज वाढवतो, आणि गाडी उडाली की रिमोट शोधत धावतो.’ हसताय म्हणजे तुमच्याही घरी हेच चाललंय.

पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त खालचा घुमार वाजवणारा खोका, मिळून 5.1. त्यातले संवाद बहुतेक सगळे एकट्या मधल्या स्पीकरमधून येतात, सेंटरमधून. आणि नेमका तोच आपण टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात कोंबतो. पुढे सेट टॉप बॉक्स, बाजूला लग्नाचा अल्बम, आणि स्पीकरचं तोंड तुमच्या गुडघ्यांकडे. गुडघ्यांना संवाद छान ऐकू येतात. हा स्पीकर कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि खाली रबराचा तुकडा सरकवून त्याचं तोंड कानाच्या दिशेला उचला. नवा सेट घेण्याआधी एवढं करून बघा. माझं गिऱ्हाईक जातं, पण जाऊ दे.

आणि नवीन घेणारच असाल, तर मागचे दोन स्पीकर आत्ता घेऊच नका. त्यांची जागा कानाच्या रेषेच्या थोडी मागे, समोरच्या मधल्या स्पीकरपासून मोजलं तर साधारण 110 अंशांवर. आपल्या हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. त्याच्या मागे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर. तेच पैसे समोरच्या तीन स्पीकरांत घाला.

खोक्यावरच्या वॅटना भुलू नका. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो 3 डेसिबलने, म्हणजे ‘वाढला वाटतं’ इतपत. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. त्यापेक्षा माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते. 87 डेसिबलवाल्याला जितके वॅट लागतात त्याच्या निम्म्यात 90 वाला तेवढाच आवाज देतो. लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात विचारा, आकडा माहीत नसला तरी खोका उलटा करून वाचून दाखवतील.

आता सबवूफर. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

परळला एका गिऱ्हाइकाने आधीच्यापेक्षा मोठा सबवूफर घेतला. तरीही तक्रार तीच, दम नाही. घरी गेलो, तर हॉल 16 फूट लांब आणि सोफा बरोबर मधोमध, मागे जेवणाचं टेबल. आता हिशोब बघा. आवाज सेकंदाला 343 मीटर जातो. 40 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 40 कंपनांच्या घुमाराची एक लाट साडेआठ मीटर, म्हणजे 28 फुटांची. 16 फुटांच्या खोलीत ती मावणार कशी? ती भिंतींवर आपटून परत येते, येणारी-जाणारी एकमेकांत मिसळते, आणि खोलीत काही जागा घुमणाऱ्या तर काही मुक्या होतात. त्या लांबीला पहिला घुमार साधारण 35 हर्ट्झचा. दोन्ही टोकांच्या भिंतींशी तो सगळ्यात जोरात आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. यजमान शून्यात बसले होते आणि सबवूफर बदलत होते.

तेव्हा मी काय केलं, तर सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवला, तिथेच, जिथे ते बसतात. बासचं, म्हणजे खालच्या सुरांचं, एक वाक्य सारखं वाजेल असं गाणं लावलं. आणि स्वतः गुडघ्यांवर येऊन भिंतीच्या कडेकडेने रांगायला लागलो. आतून आजी आल्या. थोडा वेळ बघून म्हणाल्या, ‘काय हरवलं का रे?’ म्हटलं, बास शोधतोय. त्यांनी सुनेला बॅटरी आणायला सांगितली!

पण रांगताना फरक एवढा कळतो, की सांगूनही खरा वाटत नाही. शोकेसशेजारी भोंगळ गुरगुर, दोन फूट पुढे काहीच नाही, आणि बाल्कनीच्या दाराशी प्रत्येक ठोका सुटा, नीट. सोफ्यावरून वाजवून जिथे नीट ऐकू येतं, तिथून वाजवलं की सोफ्यावरही नीट ऐकू येतं. म्हणून सबवूफर तिथे ठेवला आणि सोफा फूटभर मागे सरकवला. खर्च शून्य. रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या डब्यात, क्रॉसओव्हर 80 हर्ट्झवर ठेवला, म्हणजे त्याच्या खालचं काम सबवूफरकडे आणि छोट्या स्पीकरांची छाती फुटत नाही.

खालच्या मजल्याचं काय? खाली रबर ठेवलं की लादीतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून स्लॅबमध्ये शिरणारा घुमार थांबत नाही. शेजाऱ्यांशी नातं टिकवायचं असेल, तर सबवूफर सोफ्याच्या अगदी बाजूला घेऊन आवाज उतरवून ठेवा. जवळ असल्याने तुम्हाला पुरतो, लांब जाणारा कमी होतो. जागा बदलली की पुन्हा ऐकून बघा, हेही आलंच. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबलची आहे. ती मोजायला कोणी येण्याआधी शेजारचे काका बेल वाजवतात.

वायरिंग. घराचं काम काढलं असेल तर पीओपी लागण्याच्या आधी पाइप टाकून घ्या. टीव्हीला चित्र नेणाऱ्या एचडीएमआय केबलसाठी दीड इंची, कारण तिचं टोकच जाड असतं आणि दहा वर्षांनी ती बदलावी लागेलच. स्पीकरची वायर घरच्या 230 व्होल्टच्या पाइपातून नेऊ नका, सुतार कितीही ‘चालतं हो’ म्हणाला तरी. जाडी 1.5 चौरस मिलिमीटर. 10 मीटर अंतरावर जाऊन-येऊन 20 मीटर होतात, रोध पाव ओहमच्या आसपास, आठ ओहमच्या स्पीकरला चालून जातो. त्याहून लांब असेल तर 2.5 घ्या. सोन्याचा मुलामा, चांदीची वायर वगैरे राहू द्या. फसगत दुसरीकडे आहे: वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम. ब्लेडने एक तार खरवडा. आत पांढरी निघाली तर परत करा.

आणि स्पीकरला वायर जोडताना लाल-काळं नीट बघा. माझ्या स्वतःच्या घरी समोरचा एक स्पीकर आठ महिने उलटा जोडलेला होता. बायको म्हणत होती, गाणी पोकळ वाटतात. मी म्हणत होतो, रेकॉर्डिंगच तसं आहे. दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलत होते, त्यात बास विरून जायचा.

भिंतीतून आलेल्या वायरीवरचा रंग पुसलेला असेल, तर हा असा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्यायचा. काका, जरा पुढे या. या स्पीकरच्या जाळीत बघा, वूफरचा पडदा दिसतोय? या दोन तारा मी सेलला क्षणभर टेकवतो. कुठे गेला? बाहेर. म्हणजे सेलच्या प्लसला लागलेली तार लाल. आता उलट करतो, तुम्ही सांगा.

आत गेला.