यल्लाप्पाचं यशवंत केलं तेव्हा

नमस्कार मंडळी.

बोलायचं ठरवलं होतं वेगळंच, पण आठवडाभर एकच गोष्ट डोक्यात आहे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला इथल्या शाळेसाठी वंशवृक्ष करायचा होता. पणजोबांच्या चौकटीत मी 'यशवंत' लिहिलं. रात्री तिनं बेळगावला फोन लावून आजीला वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "यशवंत कोण गं? यल्लाप्पा की!" आईच्या तोंडून सासऱ्यांचं नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

फोन ठेवल्यावर मुलीनं विचारलं, "बाबा, नाव का बदललंस?"

त्यावरून घरात भांडण झालं. मी म्हणालो, इथल्या लोकांना उच्चारायला जड जातं. बायको म्हणाली, "आणि यशवंत सोपं होय?" तिचं बरोबर होतं. नाव कानडी वाटेल, याची मला लाज वाटली होती.

यल्लाप्पा, कल्लाप्पा, भरमाण्णा आपल्यापैकी कुणाच्या घरात नव्हते? सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलून झालेला तो यल्लाप्पा. 'अप्पा' म्हणजे कन्नडात बाप, 'अण्णा' म्हणजे थोरला भाऊ. माझे हेच आजोबा दर १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत चालायचे. मराठीसाठी चालताना त्यांना स्वतःचं नाव कधी टोचलं नाही.

आडनावांतही तेच. येळ्ळूरकर, कडोलकर, उचगावकर: गावाला 'कर' जोडून आपण मोकळे. कन्नड घरांत गावाचं नाव अनेकदा तसंच लावतात. ज्ञानपीठ मिळालेले कन्नड कवी विनायक कृष्ण गोकाक आपल्यात जन्मते तर गोकाककर झाले असते. पण पाटील, कुलकर्णी, देसाई ही वतनाची आडनावं. नुसत्या त्यांवरून घरात कुठली भाषा बोलतात, हे बेळगावच्या खडेबाजारात कुणी ओळखून दाखवावं!

मंडळातल्या बारशांना जातो तेव्हा वाईट वाटतं. नावाचा अर्थ फोनवर शोधलेला असतो, इथल्या शिक्षकांना जमेल का हेही पाहिलेलं असतं, फक्त आजीला कुणी विचारलेलं नसतं. यल्लाप्पाच ठेवा असं मी म्हणत नाही. विचारा तरी. आणि गेलेल्यांची नावं निदान होती तशी लिहा.

मुलीनं 'यशवंत' खोडून 'यल्लाप्पा' लिहिलं. सोमवारी तिला ते वर्गात सांगायचंय. काल तिनं विचारलं, "नाव मराठी आहे म्हणू, की कन्नड?"

आज शनिवार. मी अजून तिला काही सांगितलेलं नाही.