तिसऱ्या महिन्यापर्यंत कुणाला सांगू नका

नमस्कार श्रोतेहो.

उलटी हा माझ्या रोजच्या कामातला विषय आहे. सकाळी सकाळी तो शब्द काढला, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी एसटीत वाहक आहे, म्हणजे कंडक्टर. 11 वर्षं झाली, त्यातली 7 चिपळूण-कराड रस्त्यावर. पोफळी सोडली की कुंभार्ली घाट लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर मागून हाक येते, "मास्तर, पिशवी आहे का?" पिशवी असते. लिंबूही असतं. कुणाला खिडकीशी बसवायचं, कुणाला पुढे आणायचं, कुणाला "मोबाइल ठेवा खिशात, रस्त्याकडे बघा" म्हणायचं, हे मला गाडीत चढणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. असा मी या विषयातला जाणकार. आणि फेब्रुवारीत एका सकाळी माझी बायको कढईत मोहरी तडतडत असताना गॅस तसाच सोडून मोरीकडे धावली, तेव्हा मी काय केलं? जेवणाचा डबा हातात धरून उभा राहिलो. झाकण लावायचंय की काढायचंय, तेही सुचेना.

बातमी दोन दिवस आधीच कळली होती. मेडिकलमधून आणलेल्या पट्टीवर दोन रेघा, त्यातली दुसरी इतकी फिकी, की आम्ही दोघं ती खिडकीशी नेऊन उजेडात बघत होतो. मग डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली आणि म्हणाल्या, "सहावा आठवडा चालू आहे." मी मनात हिशेब केला. जमेना. पुन्हा केला. शेवटी बाईंनीच समजावलं, की गर्भ राहतो पाळीनंतर साधारण दोन आठवड्यांनी, पण मोजायचं पाळीच्या पहिल्या दिवसापासून. तिथून 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे. म्हटलं, ही तर आमची भाडेआकारणी! एसटीचं तिकीट टप्प्यावर असतं, 6 किलोमीटरचा एक टप्पा. मधे कुठेही चढा, पैसे अख्ख्या टप्प्याचे. इथे पहिले दोन आठवडे गाडीत प्रवासीच नसतो, तरी तिकीट फाडलेलं असतं.

बाईंना हा दाखला आवडला. पण लगेच त्यांनी जे सांगितलं त्याने माझं हसू गेलं. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून तयार होतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांच्या आसपास मिटते. म्हणजे आम्ही पट्टी उजेडात धरून बघत होतो, तोवर ते काम उरकत आलं होतं. म्हणून फॉलिक ॲसिडची रोजची 400 मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायची असते. आमच्या हिने घेतली होती. आशाताईंनी सांगितलं होतं म्हणून. मला त्या गोळीचा पत्ताही नव्हता. मूल हवं असं ठरवून बसलेले जे कुणी ऐकत असतील, त्यांनी एवढं आजच लिहून ठेवा.

आमच्याकडे म्हणतात, "हिला दिवस गेलेत." ज्याने कुणी हा शब्द काढला, त्याच्या घरात तेव्हा दिवस जात असतील. आमच्या घरात एक दिवस जायचं नाव घेईना. आमच्या घरातून गेले ते वास. पहिल्यांदा फोडणी गेली. हिंग गेला, लसूण गेला. मग आईने वर्षभरासाठी भरून ठेवलेले सुके बोंबील आणि जवळा, दोन्ही डबे शेजारच्या घरी गेले. उदबत्ती गेली. माझा साबण गेला. शेवटी माझ्यावर आलं. ड्युटीवरून घरी आलो की ही दारातच नाकाला पदर लावायची. खाकीला डिझेलचा वास येतो म्हणे. 11 वर्षांत मला स्वतःला तो कधी आला नव्हता! तेव्हापासून पडवीत कपडे बदलायचे, मागच्या दारी आंघोळ करायची आणि मगच घरात पाऊल टाकायचं, असा नियम झाला. तंबाखूची पुडीही याच वाटेने गेली. दहा वर्षं सगळ्यांनी सांगून सुटली नव्हती, ती एका ओकारीने सुटली.

स्वयंपाक माझ्याकडे आला. बिनफोडणीचा स्वयंपाक करून बघा कधी. कोकणातल्या माणसाची निम्मी अक्कल तिथेच संपते. मऊ भात, मेतकूट, ताक, उकडलेला बटाटा. हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली, की गरम अन्नाला वास जास्त येतो, गार अन्न तिच्या घशाखाली उतरतं. मग मी पहाटे साडेचारला भात करून झाकून ठेवायला लागलो. उशाशी कुरमुऱ्यांचा डबा ठेवायचा. डोळे उघडले की अंथरुणातच चार दाणे खायचे आणि मग उठायचं. हा उपाय डॉक्टरबाईंचा, आणि तो लागू पडला. आल्याचा मात्र काही उपयोग झाला नाही, उलट आल्याचाही वास यायला लागला.

घरी येणाऱ्या बायका म्हणायच्या, "आमच्या वेळी नव्हती हो एवढी थेरं." मी हे बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, वारेतून जीडीएफ-15 नावाचं एक प्रथिन आईच्या रक्तात येतं, आणि एरवी ज्यांच्या अंगात ते कमी असतं त्यांना त्याचा त्रास जास्त होतो, असं 2023 मध्ये संशोधकांनी दाखवलंय. तेव्हा थेरं कुणाची नसतात. नवव्या आठवड्यात तर एके रात्री पाण्याचा घोटसुद्धा टिकेना, लघवी गडद व्हायला लागली. अशा वेळी कडक डोहाळे म्हणून घरी बसायचं नसतं, दवाखाना गाठायचा. आम्ही गेलो, रात्रभर सलाइन लागलं. मी बाकावर बसून बाटलीतले थेंब मोजत होतो.

आता रात्रभर घरी थांबायचं, तर मला मुक्कामी गाडी सोडणं भाग होतं. मुक्कामी म्हणजे संध्याकाळी गावात जायचं, तिथेच झोपायचं आणि सकाळी गाडी परत आणायची. ड्युटी बदलून मागितली तर साहेबांनी साहजिकच विचारलं, कारण काय? आणि कारण सांगायचं नव्हतं. आईची सक्त ताकीद होती, तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. मी म्हटलं, "घरी अडचण आहे." "कसली?" "आहे." आठवड्याभरात डेपोत माझ्या डोक्यावर कर्ज झालं, नंतर बायको माहेरी निघून गेली, असं बरंच काही झालं. शेवटी एका सहकाऱ्याशी अदलाबदल केली. बदल्यात माझी शिमग्याची सुट्टी त्याला दिली. शिमग्याची सुट्टी म्हणजे काय, ते कोकणी माणसाला विचारा. पालखी माझ्या अंगणात नाचली तेव्हा मी कराडच्या फलाटावर होतो.

आईचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. कळून आलेल्या गरोदरपणांपैकी शंभरात दहा ते वीस टिकत नाहीत, आणि त्यातले बहुतेक पहिल्या 12 आठवड्यांतच जातात. पुष्कळदा गर्भाच्या गुणसूत्रांतच चूक असते. बाईने जिना चढला, पपई खाल्ली, असलं काही कारण नसतं. म्हणून लोक गप्प राहतात. मलाही ते पटत होतं, पाटणच्या स्टँडवर आमच्या ड्रायव्हरने चहाचा पेला खाली ठेवेपर्यंत. हा माणूस कुंभार्ली उतरताना सोडाच, एरवीही बोलत नाही. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. त्याला अंदाज आला असावा. म्हणाला, "मास्तर, आमचं पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं. 14 वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी मी सकाळची 6 ची गाडी काढली. रजा कशाला म्हणून मागणार? आहे हे सांगितलं नव्हतं, तर गेलं हे कसं सांगणार?" मग पेला उचलून त्याने उरलेला चहा संपवला आणि गाडीत जाऊन बसला. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, की निदान एक-दोन माणसांना तरी सांगावं. गोड बातमी म्हणून राहू दे, पण उद्या काही झालंच तर शेजारी बसायला कुणी असावं म्हणून. मी त्याला सांगितलं. आईला अजून हे माहीत नाही. आता रेडिओवरून कळेल.

आठव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली होती. तिथे भिंतीवर मोठी पाटी, इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही. नियमाप्रमाणे फॉर्म भरला, सही झाली. याबाबतचा कायदा देशात 1994 मध्ये झाला, पण त्याच्याही आधी, 1988 मध्ये, तो महाराष्ट्राने केला होता. पाटी वाचत बसलो होतो, तेवढ्यात मला आत बोलावलं. पडद्यावर राखाडी ढग, त्यात एक काळा डोह, डोहात शेंगदाण्याएवढं काही तरी. दीड सेंटिमीटर. आणि त्यात एक ठिपका लुकलुकत होता. गाडीचा इंडिकेटर लुकलुकतो ना, तसा, पण त्याच्या दुपटीने. डॉक्टर म्हणाले, मिनिटाला 164. मला काही तरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "एवढा वेग चालतो?" ही पडल्या पडल्या हसली. किती दिवसांनी हसली होती!

एक गंमत सांगायची राहिली. मार्चमध्ये घाटात मला स्वतःला मळमळायला लागलं. 11 वर्षांत पहिल्यांदा. वजनही 3 किलो वाढलं, ते बहुधा तिच्या ताटातलं उरलेलं संपवून. बाप होणाऱ्या पुरुषांना असं होतं म्हणे, आणि त्याला कुवाड असं नावही आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ अंडी उबवणं. ड्रायव्हरला सांगितलं तर तो म्हणाला, "मग बसा पिशवी घेऊन."

आता पंधरावा आठवडा चालू आहे. गेल्या रविवारी घरात फोडणी झाली, साधी जिऱ्याची.

आणि परवाची गोष्ट. चिपळूणहून गाडी भरून निघाली. दाराशी एक तरुण मुलगी उभी, एका हाताने दांडा धरलेला, दुसऱ्या हाताने ओढणीचं टोक नाकाशी, गालात आवळासुपारी. पोट म्हणाल तर काहीच दिसत नव्हतं. बसलेल्या एका दादांना म्हटलं, "यांना बसू द्या जरा." ते म्हणाले, "का? धडधाकट तर आहेत." का ते मला माहीत होतं, पण ते मी चारचौघांत सांगायचं नव्हतं. मी माझी सीट तिला दिली, अर्धं तिकीट फाडलं आणि पिशवी हातात ठेवली. घाटभर ती समोर रस्त्याकडे बघत होती. हेळवाकला उतरताना थांबून तिने हळूच विचारलं, "तुमच्या घरी कितवा?"

"पंधरावा आठवडा," मी म्हणालो.

"माझा आठवा," ती म्हणाली, आणि उतरली. मी दार ओढून घेतलं आणि डबल बेल दिली.