तीन इस्पिकला डबल द्यावा का?

आज ब्रिजमधल्या एकाच प्रसंगाबद्दल बोलणार आहे, कारण चांगले खेळणारेही तिथेच सामना घालवताना मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. भिडू १ बदाम बोलला, उजवीकडचा १ इस्पिक, तुम्ही २ बदाम. चढाओढ होत आपली बोली ३ बदामांवर आली आणि उजवीकडचा ३ इस्पिक म्हणाला, म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरापैकी नऊ हात करायची पैज. ते व्हल्नरेबल आहेत, म्हणजे या डावात बुडाले तर त्यांना दंड जास्त. आता पाळी तुमची: डबल द्यायचा, म्हणजे ‘हे होणार नाहीत’ असं म्हणून डावाची किंमत वाढवायची, की नाही?

समजा, तुमच्याकडे इस्पिकची दोन बारीक पानं आहेत, बदामची चार, त्यांत राजा-राणी, चौकटचा राजा आणि दोन बारीक, किलवरची चार बारीक. एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक या मोजणीनं आठ पॉइंट. आता दुसरी पानं बघा: इस्पिकची राणी, गुलाम, नव्वी आणि एक बारीक, बदामची तीन बारीक, चौकटचा एक्का आणि दोन बारीक, किलवरचा गुलाम आणि दोन बारीक. हेही आठच पॉइंट. पहिल्या पानांवर डबल देणारे मला दर आठवड्याला भेटतात. तो डबल चुकीचा आहे, असं मी ठामपणे सांगतो.

का, ते बघू. बदाम तुमच्याकडे चार, भिडूकडे निदान पाच. म्हणजे विरोधकांकडे दोघांत मिळून फार तर चार. त्यांतल्या एकाकडे बदामचं एकच पान असेल तर बदामचा दुसरा फेरा तो हुकमानं मारणार. तुमचे राजा-राणी दिसायला पाच पॉइंट, पण बचावात त्यांचा एक हात झाला तरी पुष्कळ. दुसऱ्या पानांत उलट आहे. इस्पिक बोलणारा तुमच्या उजवीकडे, म्हणजे तो आधी पान टाकणार आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर बसलेले. राणी-गुलाम-नव्वी तिथे खरे हात करतात. हीच पानं त्याच्या अलीकडे, म्हणजे त्याच्या उजव्या हाताला बसलेल्या तुमच्या भिडूकडे असती, तर त्यांची किंमत बरीच उतरली असती. चौकटचा एक्का तर कुठेही एक्काच. डबल देताना पॉइंट मोजू नका, ते कुठे पडलेत ते बघा.

आता हिशेब, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. संघांच्या सामन्यात, म्हणजे इम्प्सवर (दोन टेबलांच्या गुणांतला फरक तक्त्यानुसार इम्पमध्ये बदलतात), दुसऱ्या टेबलावरही ३ इस्पिकच खेळले गेले असं धरू. तुम्ही डबल दिलात आणि ते एक हात बुडाले, तर १०० ऐवजी २०० मिळतात. फरक १००, म्हणजे ३ इम्प. पण नऊ हात झाले, तर १४० ऐवजी ७३० जातात. फरक ५९०, म्हणजे ११ इम्प. तीन मिळवायला अकरा पणाला लावायचे, तर चौदांपैकी अकरा वेळा बरोबर ठरलात तेव्हा कुठे बरोबरी. दोन हात बुडाले तर ५०० मिळतात, २०० च्या जागी. ते ७ इम्प. म्हणून इम्प्सवर माझा नियम असा: दोन हात बुडतील असं मनापासून वाटलं तरच डबल. एकाच्या आशेवर नाही.

जोड्यांच्या स्पर्धेत, मॅचपॉइंट्सवर, म्हणजे तोच डाव खेळलेल्या बाकी जोड्यांपैकी किती जणांना मागे टाकलं ते मोजतात तिथे, तीच पानं वेगळी बोलतात. आपले ३ बदाम होणार असतील तर आपले १४० ठरलेले. त्यांना एक हात बुडवून १०० मिळाले तर १४० वाल्यांच्या मागे पडलो. डबलचे २०० मात्र त्या सगळ्यांच्या पुढे नेतात, आणि चूक झाली तरी एकाच बोर्डाचे, म्हणजे एकाच डावाचे गुण जातात. तिथे धाडस केलंच पाहिजे. विरोधक व्हल्नरेबल नसतील तर डबल देऊनही १०० च मिळतात, १४० ची भरपाई होत नाही. इतका बारीक हा प्रश्न आहे.

त्यांचे हात किती होतील याचा अंदाज बांधायला फ्रान्सच्या जाँ-रेने व्हेर्न यांनी १९६० च्या दशकात मांडलेला आणि पुढे अमेरिकेच्या लॅरी कोहेन यांनी घरोघरी पोचवलेला एकूण हातांचा नियम वापरा. आपली बदामची पानं आणि त्यांची इस्पिकची पानं यांची बेरीज साधारण दोन्ही बाजूंना होणाऱ्या हातांच्या बेरजेइतकी असते. आपले नऊ, त्यांचे आठ, बेरीज सतरा. आपल्याला नऊ हात होणार असतील तर त्यांना आठच, म्हणजे ते एक बुडणार. एखाद्या हाताचा फरक पडतो, म्हणून हा अंदाज आहे, खात्री नव्हे.

अजून एक सांगतो, कारण याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दहा सेकंदांत दिलेला डबल आणि दोन मिनिटं छताकडे बघून दिलेला डबल भिडूला वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. दुसऱ्यातून ‘मला खात्री नाही’ हे कळतं, आणि नियमांनुसार भिडूला ते वापरता येत नाही. प्रामाणिक भिडूची त्यात फार कुचंबणा होते. त्याला उठावंसं, म्हणजे डबल सोडून पुन्हा बदाम बोलावंसं वाटत असलं तरी पास म्हणून बसावं लागतं. म्हणून विचार आधी करा. तुम्ही ३ बदाम बोललात त्या क्षणीच मनात ठरवा, ते ३ इस्पिक बोलले तर मी काय करणार.

मागच्या टेबलांवर बारा बोर्ड लावून ठेवलेत. सगळ्यांत बोली तिसऱ्या पातळीवर येऊन थांबलेली आहे. प्रत्येक बोर्डाला आधी हुकूम मोजा, मग मला उत्तर सांगा.